तिसऱ्या घंटेआधीची कामं

दिवाळीच्या सुमारास राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागतात आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या बाजूने येणारे प्रश्नही ठरलेले असतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या एकाच पट्ट्यात आहेत. युवक महोत्सवात एकांकिका करून हात बसलेली मुलं-मुली पदवीनंतर एकत्र येतात, संस्थेचं नाव ठरवतात आणि एखादं गंभीर नाटक निवडून पात्रयोजनाही करून टाकतात. मग विचारतात: लेखकाला कळवावं लागतं का? सेन्सॉर अजून आहे का? सभागृहवाले अनामत परत देत नाहीत, काय करायचं? तालमीला मुलींना घरून परवानगी मिळत नाही, काय सांगायचं?

या सगळ्या प्रश्नांत क्रम उलटा पडलेला असतो. पात्रं आधी वाटली जातात आणि कागद नंतर आठवतात. विनोदी नाटकाची एक हाउसफुल्ल रात्र चार चुका पोटात घालते. गंभीर नाटकाला ती सवलत नसते. प्रेक्षक दोन-अडीचशे, प्रयोग मोजके आणि खिशातला पैसा स्वतःचा. म्हणून पडद्यामागची कामं पहिल्या वाचनाच्या आधी सुरू करा.

आधी वाट ठरवा

प्रयोग करण्याच्या ढोबळ तीन वाटा आहेत. कुठली निवडता यावर पुढचे निम्मे नियम अवलंबून असतात.

- महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या नावाने. युवक महोत्सव, विभागाचा वार्षिक प्रयोग, परीक्षेचा भाग म्हणून केलेलं नाटक. जागा, वीज आणि बरेचदा दिवे संस्थेचेच असतात. खर्च कमी, पण निर्णयही पूर्ण तुमचे नसतात.
- राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. मराठवाड्यात नांदेड, लातूर, परभणी अशी केंद्रं असतात. ठरलेली तारीख, परीक्षक आणि समोर बऱ्यापैकी जाणता प्रेक्षक मिळतो. नियमावली दरवर्षी नव्याने वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. आणि नंतर मिळणाऱ्या रकमेच्या भरवशावर आधी उधारी करू नका. सरकारी पैसा येतो, पण तुमच्या तारखेला येतोच असं नाही.
- स्वतःचा तिकीट लावलेला प्रयोग. इथं सगळी जबाबदारी तुमची. नवख्या गटाने पहिलंच नाटक या वाटेने करू नये, असं माझं मत आहे. आधी स्पर्धेत किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात दोन प्रयोग करा, नाटक किती वेळ चालतं आणि कुठे अडतं ते पाहा, मग तिकीट लावा.

संहिता: परवानगी कुणाची आणि कशाची

सर्वांत जास्त गोंधळ इथं असतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला असं होत नाही. छापील नाटकाच्या सुरुवातीच्या पानांवर बहुधा प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाशी संपर्क साधायचा ते दिलेलं असतं. ते पान आधी वाचा. कधी प्रकाशकाकडे फक्त छपाईचे हक्क असतात आणि प्रयोगाचे लेखकाकडेच राहतात, तेव्हा प्रकाशकाने फोनवर दिलेला होकार उपयोगाचा नसतो.

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. त्यांची नाटकं तुम्ही मोकळेपणाने करू शकता. वि. वा. शिरवाडकर १९९९ साली गेले, म्हणजे 'नटसम्राट'चा हक्क २०५९ अखेरपर्यंत. विजय तेंडुलकर २००८ साली गेले, त्यांचा २०६८ अखेरपर्यंत. नांदेडच्या दत्ता भगत यांचं 'वाटा-पळवाटा' करायचं तर लेखक आपल्याच गावचे म्हणून गृहीत धरू नका. तिथेही लेखी परवानगीच लागते.

भाषांतरात फसगत होते. सोफोक्लीसचं 'अँटिगनी' कुणाच्याही मालकीचं नाही, पण तुमच्या हातातलं मराठी भाषांतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असेल तर त्या भाषांतरकाराचा हक्क स्वतंत्र आहे. शेक्सपिअरचंही तसंच. 'हॅम्लेट'चं आगरकरांनी केलेलं 'विकारविलसित' मोकळं आहे, कारण आगरकर १८९५ साली गेले. पण ते आजच्या रंगमंचावर बोलून बघा, जिभेला घाम फुटतो. नवं भाषांतर हवं असेल तर ते कुणाकडून तरी करून घ्या आणि करणाऱ्याशी लेखी बोला.

आपल्या भागात आणखी एक मोह होतो. नाटक पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या घरातलं असतं आणि आपण म्हणतो, "भाषा मराठवाडी करून घेऊ." कल्पना चांगली असते, पात्रं जवळची वाटतात. पण ते रूपांतर झालं. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. प्रवेश गाळणं, शेवट बदलणं, दोन पात्रांचं एक करणं हेही न विचारता करू नका. आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बाधा येत असेल तर आक्षेप घेण्याचा लेखकाचा हक्क हक्कविक्रीनंतरही शाबूत राहतो.

सवलत कुणाला? कायद्यात दोन जागा आहेत, त्यांचा आधार जरूर घ्या.

- शिक्षणसंस्थेच्या कामकाजात विद्यार्थी-शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित माणसंच असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही.
- हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांना दाखवलेला प्रयोगही हक्कभंग ठरत नाही.

तिकीट लागलं की ही सवलत संपली. 'देणगी प्रवेशिका' असं छापल्याने प्रयोग विनामूल्य होत नाही. आणि सवलत असली तरी लेखकाला एक पत्र लिहा. बहुतेक नाटककार अशा पत्राने खूश होतात, एखादा प्रयोगाला येतोही.

परवानगीच्या पत्रात काय असावं?

- नाटकाचं व संस्थेचं नाव, प्रयोगांची संख्या किंवा मुदत, कुठल्या गावांत.
- प्रत्येक प्रयोगाचं मानधन आणि ते केव्हा द्यायचं.
- कोणते बदल मान्य, कोणते नाहीत.
- चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकता येईल का. प्रयोगाची परवानगी म्हणजे चित्रीकरणाची परवानगी समजू नका.
- लेखक हयात नसल्यास पत्र देणारे वारस बाकीच्यांच्या वतीनेही देत आहेत का.

मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. उलट, मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि पत्रात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो निसटतो. तालमी लांबत असतील तर तारीख तपासत राहा.

पार्श्वसंगीतालाही हेच लागू. सिनेमातलं गाणं फोनवरून लावणं सोपं वाटतं, पण तिकिटाच्या प्रयोगात ध्वनिमुद्रण आणि गीत-संगीत दोन्हींचे हक्क आड येतात. गावात पेटी, सारंगी, संबळ वाजवणारे कलाकार आहेत, त्यांच्याकडून नवं करून घ्या. स्वस्तही पडतं आणि नाटकाला स्वतःचा आवाज मिळतो.

सेन्सॉर गेलं की आहे?

१८७६चा नाट्यप्रयोग कायदा २०१८ साली रद्द झाला, ही बातमी वाचून अनेक जण निश्चिंत झाले. तो केंद्राचा जुना कायदा होता. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ वेगळं आहे, ते राज्याच्या पोलीस कायद्याखालील नियमांवर चालतं आणि अजून आहे. लोकांसाठी खुला, तिकिटाचा प्रयोग करायचा तर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं असंच धरून चाला. स्पर्धेच्या प्रवेशिकेतही संहितेच्या प्रमाणपत्राबद्दल काय म्हटलं आहे ते पाहा. जुन्या, अनेकदा झालेल्या नाटकाला बहुधा आधीच प्रमाणपत्र मिळालेलं असतं. लेखकाला किंवा आधीच्या संस्थेला त्याचा क्रमांक विचारा, एक खेप वाचेल.

नवी संहिता असेल तर दोन गोष्टी सांभाळा. मंडळाचं कामकाज मुंबईतून चालतं, म्हणून प्रयोगाच्या निदान दीड-दोन महिने आधी संहिता जायला हवी. दुसरं, पाठवलेली संहिता आणि प्रयोगातली संहिता एकच असावी. तालमीत सुचलेले चटकदार राजकीय शेरे प्रमाणपत्रात बसत नाहीत.

मंडळाने काटछाट सुचवली तर ती मुकाट्याने स्वीकारलीच पाहिजे असं नाही. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'ला मंडळाने हरकती घेतल्या, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सोडवून आणलं. प्रत्येकाला न्यायालयात जाणं परवडत नाही, हे खरं. पण वाक्य का ठेवायचं याचं लेखी, शांत उत्तर देणं सर्वांना परवडतं.

संस्था नोंदवावी का?

पहिल्या नाटकासाठी घाई नको. महाविद्यालयाच्या किंवा आधीच नोंदलेल्या एखाद्या सांस्कृतिक संस्थेच्या नावाने प्रयोग करता येतो. मात्र त्या संस्थेशी दोन ओळींचं लेखी करा: नाटक कुणाचं, पैसे कुणाच्या खात्यात, बक्षीस कुणाचं.

दुसरं नाटक करायचं ठरलं, बँकेत संस्थेच्या नावाने खातं हवं झालं किंवा अनुदानाला अर्ज करायचा असला की नोंदणी करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात सोबतच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेबतपासणी आणि कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज. हे न केलेल्या कितीतरी नाट्यसंस्था कागदावर अजूनही दहा वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांच्या नावाने चालू आहेत.

नियमावली बाजारातल्या छापील नमुन्यावरून उतरवू नका. 'कला व संस्कृतीची जोपासना' लिहिलंत तर चालेल, पण खरी कलमं ही: नाटक बंद करण्याचा निर्णय कोण घेणार? सेट, कपडे, दिवे कुणाच्या मालकीचे? सभासद बाहेर पडला तर त्याने बसवलेलं नाटक कुणाकडे?

हे काल्पनिक भांडण नाही. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेच्या धुरीणांनी ते थांबवलं. नाटक करणारे कलाकार बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा सुरू केले. त्या मंडळींकडे लेखक तेंडुलकर होते, दिग्दर्शक जब्बार पटेल होते. आपल्याकडे बहुधा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि भांडण झालं की पहिल्यांदा तोच फुटतो. म्हणून आधी लिहून ठेवा.

सभागृह

नांदेडमध्ये कुसुम सभागृह आणि डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह, लातूरला दयानंद सभागृह ही नावं तुमच्या डोळ्यांसमोर येतात. मोठ्या सभागृहाची हौस समजते. पण सहाशे खुर्च्यांत दीडशे माणसं बसली की नटांचा धीर सुटतो. १९७४ साली 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमी कित्येक वर्षं त्या जागेच्या नावाने ओळखली गेली. विद्यापीठातलं किंवा महाविद्यालयातलं दीड-दोनशे माणसांचं सभागृह गंभीर नाटकाला कमी नाही.

बुकिंगआधी स्वतः जाऊन पाहा आणि विचारा:

- भाडं किती तासांचं? त्यात सेट लावणं आणि उतरवणं धरलं आहे का? तीन तासांचं सत्र घेऊन अडीच तासांचं नाटक होत नाही.
- विंगांमध्ये जागा किती? पडदा हाताने ओढायचा की मोटरवर, आणि ती मोटर चालू आहे का?
- दिवे टांगायचे बार किती, त्यांवर वजन किती पेलतं?
- जनित्र आहे का, डिझेल कुणाचं, वीज गेल्यावर ते किती वेळात सुरू होतं?
- बायकांसाठी वेगळी रंगपटाची खोली, आतून लागणारी कडी आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह.
- सभागृहाने तारीख रद्द केली तर काय?

शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. सरकारी कार्यक्रम, निवडणुकीची आचारसंहिता, एखाद्या नेत्याची सभा अशा कारणाने हौशी संस्थेची तारीख अलगद बाजूला सरकवली जाते. पावती घ्या, त्यावर तारीख, सत्र आणि अनामत रक्कम वेगळी लिहून घ्या. अनामत अडली तर आधी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सभागृह महापालिकेचं किंवा सरकारी असेल तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर दरपत्रक, बुकिंगची नोंदवही आणि अनामत परतीचे नियम मागता येतात. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अनेकदा अर्ज दाखल झाल्यावरच अनामत परत येते, असा अनुभव आहे.

उघड्यावर प्रयोग करायचा असेल, तर जागा महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या ते आधी पाहा. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी घ्या आणि नाटक रात्री १०च्या आत संपवा.

वीज आणि दिवे

प्रकाशयोजनाकार कितीही हुशार असला तरी भिंतीतला प्लग त्याचं ऐकत नाही. साधा हिशेब करा: वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. हजार वॉटचा एक हॅलोजन दिवा सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर जातो. म्हणजे १५ अँपिअरच्या प्लगवर असे तीनच दिवे. महाविद्यालयाच्या सभागृहात दहा-बारा दिवे आणि त्यात पंखे, साउंड जोडलं की मुख्य फ्यूज उडणारच, आणि तो नेमका दुसऱ्या अंकाच्या उत्कट जागी उडतो. एलईडी पार घेतले तर भार पाच-सहा पटींनी घटतो. मात्र चेहऱ्यावरचा उबदार प्रकाश हॅलोजनसारखा मिळत नाही, म्हणून दोन-चार जुने दिवे समोरून ठेवा.

- तारा जोडायला इलेक्ट्रिशियनच बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या.
- टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय एक सुरक्षासाखळी हवीच.
- विंगेतून जाणारी केबल टेपने चिकटवा. ब्लॅकआउटमध्ये पळणाऱ्या नटाला ती दिसत नाही.
- वीज जाऊन आली की काही एलईडी दिवे भलत्याच रंगात सुरू होतात. तालमीतच एकदा मुद्दाम मुख्य स्विच बंद करून पाहा.
- कापडी फ्लॅटजवळ समई, मेणबत्ती, धूप असेल तर विंगेत अग्निशामक नळकांडं आणि ते वापरता येणारा माणूस, दोन्ही ठेवा.

पडद्यामागच्या प्रत्येकाचं बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत नाव घाला. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयासाठी, अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख. संस्थेने हे पैसे भरावेत. शिडीवर चढणाऱ्या मुलाकडे ते मागू नयेत.

तालमी आणि मुलींचा प्रश्न

विष्णुपुरीत तालीम रात्री अकरापर्यंत लांबली की शहरात परतायला रिक्षा मिळत नाही आणि वसतिगृहाचं दार बंद झालेलं असतं. मग चांगल्या नट्या नाटक सोडतात आणि दिग्दर्शक म्हणतो, "मराठवाड्यात मुली मिळत नाहीत." मुली आहेत. तालमीचं वेळापत्रक नीट नाही.

- सुरुवातीची आणि संपण्याची वेळ लेखी द्या, घरच्यांनाही पाठवा. संपण्याची वेळ पाळणं सुरुवातीच्या वेळेपेक्षा महत्त्वाचं.
- घरी पोचवण्याचा खर्च नाटकाच्या अंदाजपत्रकात धरा.
- जवळिकीचे, मारहाणीचे प्रसंग सर्वांत आधी, मोजक्या लोकांसमोर आणि ठरवून बसवा. "उत्स्फूर्त येऊ दे" म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा फक्त कार्यालयांसाठी आहे, असा समज आहे. त्यात मानधन न घेता, स्वेच्छेने काम करणारीही येते. नट आणि पडद्यामागची मंडळी धरून संस्थेत काम करणारे दहा किंवा जास्त जण असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार संस्थाचालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. विद्यार्थिनींसाठी महाविद्यालयाची समिती आहेच.

लहान मुलाचं काम असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. व्यावसायिक प्रयोगात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि सलग तीन तासांहून जास्त नाही. हौशी नाटकातही हेच तास पाळा. मुलाची शाळा तीच असते आणि झोपही.

पडद्यामागे कोण

आठ पात्रांच्या नाटकाला निदान पाच माणसं मागे हवीत: रंगमंच व्यवस्था, दिवे, संगीत, वस्तू-कपडे आणि बाहेर प्रेक्षक-तिकीट. ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला बॅकस्टेजला टाकायची पद्धत सोडा. नाराज माणसाच्या हाती ब्लॅकआउट देणं धोक्याचं आहे.

- प्रयोगाची प्रत एकच. डावं पान कोरं ठेवून त्यावर दिव्याचा, संगीताचा, एंट्रीचा प्रत्येक क्यू पेन्सिलने. दिग्दर्शकाच्या डोक्यातले क्यू धरू नका.
- तिसऱ्या घंटेनंतर हुकूम रंगमंच व्यवस्थापकाचा. दिग्दर्शकाने प्रेक्षकांत बसावं आणि विंगेत येऊन कुजबुजू नये. हा नियम मोडणारे बहुतेक स्वतःला शिस्तप्रिय समजतात.
- संगीत लॅपटॉपवरून, तारेने. फोनच वापरायचा असेल तर विमान-मोडवर. शोकप्रसंगात मामाचा कॉल स्पीकरवर वाजलेला नांदेडकरांनी ऐकला आहे.
- वस्तूंचं टेबल दोन्ही विंगांत, प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखलेली. पत्र, चष्मा, काठी तिथूनच उचलायची आणि तिथेच ठेवायची.

सेट बांधताना वाहतूक लक्षात घ्या. लातूर किंवा परभणीच्या केंद्रावर जायचं तर सेट 'छोटा हत्ती'त मावायला हवा. चौकटीवर मांजरपाट ताणलेले फ्लॅट हलके पडतात, प्लायवूडचे नाहीत. पावसाळ्यात कापड सैल पडतं, म्हणून प्रयोगाआधी एक दिवस ते ताणून घ्या. रंगीत तालमीआधी वेगळी तांत्रिक तालीम करा. त्यात नटांनी अभिनय करायचा नाही, फक्त क्यूपासून क्यूपर्यंत चालायचं. या एका दिवसाला सगळे कंटाळतात, आणि तो टाळला की प्रयोगात त्याचे पैसे मोजावे लागतात.

पैशाचं लिहून ठेवा

उदाहरणच घ्या. १५० रुपयांची २०० तिकिटं गेली तर ३० हजार आले. सभागृह, दिवे-साउंड, टेम्पो, रंगभूषा, लेखकाचं मानधन, चहा-जेवण यांतच ते संपतात. म्हणून नटांना मानधन मिळणार नसेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. "पुढे बघू" हा शब्द नाट्यसंस्थांचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

देण्याचा क्रम असा ठेवा: दिवे, साउंड, टेम्पो आणि रंगभूषाकार यांचे पैसे त्याच रात्री. लेखकाचं मानधन आठवड्यात. खिशातून खर्च करणाऱ्यांचे पावतीनुसार. उरलं तरच वाटणी, आणि वाटणीत बॅकस्टेजचा वाटा नटाइतकाच.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. त्यामुळे गंभीर नाटकाच्या तिकिटावर कर वाढवून मागणाऱ्याला हे सांगा. पास मोजून छापा. नगरसेवक, प्राध्यापक, नातेवाईक यांना वाटलेल्या पासांवर भरलेलं सभागृह हिशेबात रिकामंच असतं.

कुणी विरोध केला तर

जात, धर्म, इतिहास यांवरचं नाटक असलं की जाहिरात पाहूनच कुणीतरी फोन करतो. फोनवर वाद घालू नका. "आपलं म्हणणं लेखी द्या" एवढंच सांगा. परिनिरीक्षण प्रमाणपत्र, लेखकाचं पत्र आणि सभागृहाची पावती यांच्या प्रती जोडून पोलीस ठाण्यात बंदोबस्ताचा अर्ज द्या, पोच घ्या. प्रयोग होऊ द्यायचा की नाही हे ठरवणारा सभागृहाचा व्यवस्थापक नव्हे. तो घाबरून रद्द करू म्हणाला तर कारण लेखी मागा. विरोधकांना तालमीला बोलावून नाटक दाखवण्याची सूचना कुणीतरी करेलच. मी ती करत नाही. एकदा दाखवलं की वाक्यावाक्याचा सौदा सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उसन्या आणलेल्या वस्तू आधी परत करा, विशेषतः कुणाच्या आजीची खुर्ची, पितळी तांब्या, नऊवारी. प्रयोगाच्या प्रतीवर नाटक प्रत्यक्ष किती मिनिटं चाललं, कुठला क्यू चुकला ते लिहा. अनामतीचा अर्ज त्याच दिवशी द्या. लेखकाला प्रेक्षकसंख्या, तिकीटविक्री आणि मानधनाचा तपशील पाठवा, सोबत दोन छायाचित्रं. हिशेबाचा कागद सर्व सभासदांना दाखवून त्यावर सह्या घ्या. नोंदणी असेल तर तोच कागद मार्चअखेरीस हिशेबतपासनीसाकडे जातो.